डिझेलमधलं ‘औषध’: कुणाला खरंच फरक पडलाय का?

लोणंदकर | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, रामराम. इथं गाडीवाले आहेत, मिस्त्री आहेत, तेलाच्या लॅबमधून निवृत्त झालेले एक काकाही आहेत, म्हणून विचारतो.

माझ्या दोन गाड्या. एक २०१४ ची दहा चाकी, बीएस-३ (धुराच्या नियमांचा जुना टप्पा), साधा ॲटम पंप, म्हणजे डिझेल दाबून नोझलला देणारा जुन्या पद्धतीचा पंप. दुसरी २०२२ ची, बीएस-६, कॉमन रेल (फार मोठ्या दाबानं डिझेल फवारणारी), धूर साफ करणाऱ्या युरियाच्या टाकीसकट. लोणंदहून वाशी मार्केटला कांदा, परतीला मिळेल ते भाडं. जाऊन-येऊन ४२० किलोमीटर. जुनीला लिटरला ४.१ किलोमीटरचं ॲव्हरेज पडतं आणि परतीला बोरघाट चढताना काळा धूर सोडते. नवी ठीक आहे, फक्त या पावसाळ्यात फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा दोनदा लागला. पाणी काढलं, दिवा गेला.

परवा एक विक्रेता दारात आला. ५०० मिलीची बाटली, ६०० रुपये, २५० लिटरला एक. म्हणाला, “पहिल्या टाकीपासून १५ टक्के ॲव्हरेज वाढणार.” दोन वाट्यांत डिझेल घेतलं, एकीत औषध टाकलं, दोन्ही पेटवल्या. औषधाच्या वाटीचा धूर खरंच कमी होता, डोळ्यांनी बघितला.

शिवाय आमचे नामदेवमामा (ड्रायव्हर, सख्खे मामा नव्हेत, पण वडिलांच्या वेळेपासून आहेत) जुन्या गाडीत दर टाकीला थोडं टू-टी ऑइल (जुन्या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये घालायचे ते) ओततात. म्हणतात, आताचं डिझेल कोरडं आहे, पंप खातं. यातलं खरं किती?

---

फुल_टँक | सोमवार, रात्री १०.०५

१५ टक्के वाढणार असते तर त्या माणसानं बाटल्या विकल्या नसत्या, शंभर गाड्या घेऊन ट्रान्सपोर्ट काढला असता. :)

बाकी जाणकार येतीलच. चहा घेऊन बसलोय.

---

पंपवाला_कराड | सोमवार, रात्री ११.२०

२६ वर्षं पंप-नोझलचं काम करतो. सरळ सांगतो.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा. मग टर्बोपासून इंटरकूलरला जाणारा रबरी पाइप, त्याची क्लिप सैल आहे का, चीर आहे का. तोंडाला फडकं धरून हात फिरवला तरी काजळी कळते. मग नोझल काढून टेस्टरवर लावा. किती प्रेशरला उघडतंय, फवारा सुटतोय की धार लागतेय, शेवटी थेंब गळतोय का. शेवटी टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ. एवढं न बघता बाटली ओतायची म्हणजे पोट दुखतंय म्हणून डोक्याला बाम.

टू-टीचं म्हणाल तर तुमच्या जुन्या पंपाला त्यानं काही बिघडणार नाही. पण लाइन पंपाचा कॅम इंजिन ऑइलवरच चालतो, डिझेलवर असतात ते प्लंजर (डिझेल दाबणारे दट्टे) आणि नोझल. नव्या गाडीत मात्र एक थेंबही नको. टू-टी ऑइल जळलं की थोडी राख उरते, ती सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये जाऊन बसते. काजळी जाळून साफ होते, राख होत नाही.

आणि दादा, तुम्ही जे सहज लिहून गेलात ते मला जास्त टोचतंय. एका पावसाळ्यात पाण्याचा दिवा दोनदा? डिझेल कुठून भरता?

---

लोणंदकर | मंगळवार, सकाळी ७.१५

नेहमीच्या पंपावरूनच. अडीअडचणीला घरच्या अंगणात दोन बॅरल भरून ठेवलेली असतात. जुनीलाही त्यातूनच जातं, पण तिला दिवाच नाही!

---

ऊर्जामित्र | मंगळवार, सकाळी १०.३०

नमस्कार सर. कृपया अर्धवट माहितीवर गैरसमज पसरवू नये. आमचे उत्पादन नॅनो तंत्रज्ञानावर आधारित असून डिझेलच्या रेणूंचे विघटन करून संपूर्ण ज्वलन घडवते. इंधन बचत १२ ते १८ टक्के, पाणी नाहीसे करते, इंजिनचे आयुष्य दुप्पट. सर्व प्रकारच्या इंजिनांना चालते. संपर्कासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

---

शंकेखोर | मंगळवार, सकाळी १०.४४

पाणी “नाहीसे” करते म्हणजे कुठे पाठवते?

---

जुना_लॅबवाला | मंगळवार, दुपारी ३.१०

शंकेखोर यांचा प्रश्न एका ओळीचा आहे, पण सगळ्यात मोलाचा. त्यावर येतो. माझी नोकरी इंधन तपासण्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी नामदेवमामांचं “कोरडं डिझेल”. मामा चुकीचं बोलत नाहीत, फक्त त्यांची बातमी तीस वर्षं जुनी आहे. डिझेलमधलं गंधक आपल्याकडे टप्प्याटप्प्यानं खाली आलं. बीएस-३ ला दशलक्ष भागांत ३५० भाग, बीएस-४ ला ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० भाग. गंधक काढण्यासाठी रिफायनरीत हायड्रोजनची प्रक्रिया करतात, तिच्यात डिझेलला मुळात वंगण देणारे काही घटकही निघून जातात. वंगण गंधक देत नव्हतं, पण गंधकाबरोबर तेही गेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये असं स्वच्छ डिझेल आलं तेव्हा रोटरी पंप खरोखरच धडाधड झिजले. त्यातून शहाणपण आलं. आता रिफायनरीच वंगणाचा पदार्थ मिसळते. आपल्या आयएस १४६० मानकात त्याची कसोटी आहे: पोलादी गोळी डिझेलमध्ये ठरावीक वेळ घासायची आणि तिच्यावरचा झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असता कामा नये. म्हणजे पंपावरच्या अस्सल डिझेलमध्ये मामांचं टू-टी आधीच वेगळ्या रूपानं घातलेलं असतं.

जुन्या गाड्यांचे पंप नव्या डिझेलवर गळायला लागले हेही खरं आहे. डिझेलची घडण बदलली की जुने रबरी सील, जे पूर्वीच्या डिझेलमध्ये फुगून बसलेले असतात, ते आकसतात. त्याला औषध नाही, सील बदलायचे.

आता यूट्यूब. तिथले बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले. तिथल्या मानकात सीटेन क्रमांक (डिझेल किती पटकन पेट घेतं याचं माप) किमान ४०, आपल्याकडे किमान ५१. तिथे झिजेचा व्रण ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, आपल्याकडे ४६०. तिथला ट्रकवाला सीटेन वाढवायची बाटली ओततो तेव्हा त्याला थोडा तरी फरक जाणवू शकतो. आपण तीच बाटली ओततो तेव्हा भरल्या पोटी जेवायला बसतो. सीटेन वाढवणारं रसायन, बहुतेक वेळा २-एथिलहेक्सिल नायट्रेट, डिझेल पेट घ्यायला लागणारा क्षण थोडा अलीकडे आणतं. थंडीत सुरू होताना खडखड कमी होते, सुरुवातीचा पांढरा धूर कमी होतो. पण त्यानं डिझेलमधली ऊर्जा वाढत नाही.

ऊर्जेचा हिशेब साधा आहे. २५० लिटरला अर्धा लिटर म्हणजे हजारात दोन भाग. ते दोन भाग कशाचेही असोत, उरलेल्या ९९८ भागांत आणखी १५ टक्के उष्णता ते कुठून आणणार? चांगल्या स्थितीतलं डिझेल इंजिन जवळपास सगळं डिझेल जाळतंच. धुरातली काजळी डोळ्यांत भरते, पण वजनानं ती फार थोडी असते. “संपूर्ण ज्वलन” करून वाचवायला मागे काही उरलेलंच नसतं. वाटीचा प्रयोग तर निव्वळ करमणूक. उघड्या वाटीत वात नसलेल्या दिव्यासारखं जळणारं डिझेल कुठे आणि शेकडो बारच्या दाबानं फवारून तापलेल्या, दाबलेल्या हवेत जळणारं कुठे!

मग सगळ्या बाटल्या खोट्या का? नाही. नोझलची भोकं साफ ठेवणारं डिटर्जंट खरं असतं आणि ते काम करतं. भोकांत साका बसला की फवारा बिघडतो, ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही घसरतात. डिटर्जंट ते गेलेलं परत आणतं. पण नोझल स्वच्छच असेल तर परत आणायला काही नसतं. कंपन्यांचं जे महागडं डिझेल पंपावर मिळतं त्यात हाच प्रकार मोजून घातलेला असतो.

पाण्याचं. यात दोन अगदी उलट जाती आहेत. एक औषध पाण्याचे बारीक कण डिझेलमध्ये विरघळल्यासारखे पसरवतं. पाणी दिसेनासं होतं, फिल्टरही ते अडवू शकत नाही आणि ते थेट इंजेक्टरपर्यंत जातं. दुसरं औषध बारीक कणांचे मोठे थेंब करतं, ते खाली बसतात आणि नळ सोडून काढता येतात. कॉमन रेलमध्ये दाब १६०० ते २००० बार, इंजेक्टरमधल्या भागांची फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस ७० मायक्रॉन धरा. तिथे पाणी गेलं की पातळ थर तुटून धातू धातूला घासतो, गंज येतो, तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते. म्हणून “पाणी नाहीसे करते” असं लिहिलेली बाटली मी बीएस-६ च्या जवळ येऊ देणार नाही.

धातू असलेली औषधं, म्हणजे लोखंड, मँगनीज, सिरियम वगैरे, हीसुद्धा तशीच. फ्रान्सच्या पूजो कंपनीनं २००० साली सिरियमचं औषध वेगळ्या टाकीतून स्वतःच डिझेलमध्ये सोडणारी गाडी काढली होती, काजळीचा फिल्टर कमी तापमानाला साफ व्हावा म्हणून. पण ते मोजून सोडलेलं होतं आणि त्याची राख किती जमेल हे धरूनच फिल्टर बनवला होता. दारात आलेल्या बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

---

ऊर्जामित्र | मंगळवार, सायंकाळी ५.०२

काकांना आदरपूर्वक सांगू इच्छितो की पुस्तकी ज्ञान आणि अनुभव यात फरक असतो. आमचे हजारो समाधानी ग्राहक आहेत.

---

फुल_टँक | मंगळवार, सायंकाळी ५.०६

त्यातला एक इथं आणा की राव.

---

शंकेखोर | मंगळवार, रात्री ९.३०

काकांना दंडवत. एक मुद्दा राहतोय. आपण सगळे “पंपावरचं अस्सल डिझेल” धरून बोलतोय. भेसळीचं काय? आमच्या भागात एके काळी रेशनचं निळं रॉकेल कुठे जायचं हे शेंबडं पोरही सांगायचं. रॉकेल पातळ, वंगण कमी, प्लंजर ओरखडणार. मनमाडजवळचं पानेवाडी विसरू नका. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भर दिवसा जाळून मारलं, ते टँकरमधली भेसळ पकडायला गेले म्हणून. आणि आपण इथं सहाशेच्या बाटलीवर वाद घालतोय.

---

जुना_लॅबवाला | मंगळवार, रात्री १०.१५

विसरलो नाही. त्या काळात नोकरीत असलेला कुणीही विसरणार नाही.

भेसळ पकडायला ग्राहकाच्या हातात घनता असते. पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता मागायचा तुम्हाला हक्क आहे. १५ अंशाला आणलेली घनता नोंदलेल्या घनतेपेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त इकडेतिकडे झाली तर संशयाला जागा आहे. थोडं रॉकेल या फटीतून सुटतं हेही खरं. फिल्टर पेपरवर थेंब टाकायची परीक्षा पेट्रोलची; डिझेलचा डाग पडणारच, त्यावरून भांडू नका.

हायवेवर “बायोडिझेल” म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या तेलापासून लांब राहा. खरं बायोडिझेल मानकाप्रमाणे डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत चालतं. पण त्या नावाखाली टँकरमधून विकलं जाणारं बरचसं औद्योगिक तेल असतं. त्यावर कुठलीही बाटली उतारा नाही.

---

ब्रॅम्प्टनचा_बाळू | बुधवार, पहाटे ४.५०

इकडे कॅनडात आठ वर्षं अठरा चाकी चालवतोय, मूळचा तासगावचा. काका म्हणतात ते बरोबर, पण थंडीतल्या औषधावर अन्याय नको. आमच्याकडे ते चैनीचं नाही.

उणे ३० ला डिझेलमधलं मेण गोठतं. टाकीत डिझेल असतं, पण फिल्टरवर मेणाचा थर बसतो आणि इंजिन उपाशी मरतं. इथले पंप हिवाळ्यात वेगळं डिझेल देतात. त्रास कधी होतो? दक्षिणेत, अमेरिकेत कुठे तरी गरम भागात टाकी भरली आणि दोन दिवसांत उत्तरेत आलो तर. तेव्हा गोठणं रोखणारं औषध लागतं, आणि ते गोठायच्या आधी टाकावं लागतं. गोठल्यावर टाकून उपयोग नाही, ते मेणात मिसळतच नाही. पहिल्या वर्षी मी हे शिकलो. रात्री दोनला, रस्त्याच्या कडेला, हातात गोठलेला फिल्टर. घरी फोन लावला तर आई म्हणाली, “बाळा, जेवलास का?”

लोणंद-वाशीला याची गरज शून्य. :)

---

रानवारा | बुधवार, सकाळी ८.२०

बाळूभाऊ, आपल्याकडंही ते दिसतं. मी जानेवारीत माल घेऊन श्रीनगरला गेलोय. इकडनं दोन्ही टाक्या फुल करून निघालो होतो, तेच चुकलं. बनिहालच्या पुढं सकाळी गाडी उठंना. शेजारचा सरदारजी टाकीखाली शेकोटी लावायला निघाला. मी हात जोडले, म्हणलं बाबा, माझी बायको-पोरं हायती. गरम पाण्याची फडकी फिल्टरला गुंडाळून दोन तासांत उठवली. तेव्हापासून वर जाताना खालचं डिझेल संपवत जायचं आणि पुढचं तिकडंच भरायचं.

आता लेह-लडाखला वेगळं डिझेल मिळतं, उणे ३३ ला सुद्धा वाहतं. २०१९ च्या नोव्हेंबरात आलं, पानिपतच्या रिफायनरीतलं.

अजून एक, औषधाचा विषय निघालाच हाय म्हणून. आमच्या शेठच्या गाडीत नवीन क्लीनरनं युरिया डिझेलच्या टाकीत ओतला. “इंजिनसाठीच हाय की” म्हणाला. निळ्या झाकणाची टाकी येगळी असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ड्रायव्हरनं चावी फिरवली आणि वीस मिनिटं चालवली पण. टाकी, पाइप, पंप, सहा इंजेक्टर. बिलाचा आकडा ऐकून शेठ खाली बसला. चावी फिरवली नसती तर टाकी धुण्यावर भागलं असतं.

---

जुना_लॅबवाला | बुधवार, सकाळी ९.००

रानवारा, फार उपयोगी सांगितलंत. युरियाचं द्रावण म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते डिझेलमध्ये मिसळत नाही, खाली बसतं आणि पंप नेमका खालूनच ओढतो. त्याचं काम इंजिनात नाहीच, धुरात आहे.

लोणंदकर, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर प्रयोग करा. जुन्या गाडीवर. पण गाडीला आधी हात लावू नका, पाइप नाही, नोझल नाही, नाहीतर श्रेय कुणाचं ते कळणार नाही. सारख्या दिसणाऱ्या बाटल्या घ्या. निम्म्यांत औषध, निम्म्यांत साधं डिझेल. घरातल्या कुणाला तरी भरायला सांगा आणि कोणती कुठली हे तुम्हालाही कळू देऊ नका. सात फेऱ्या एका बाटलीच्या, सात दुसऱ्या. प्रत्येक गटातली पहिली फेरी सोडून द्या, टाकीत आधीचं उरलेलं असतं. तोच पंप, तीच जागा, टाकी गळ्यापर्यंत, तोच ड्रायव्हर, माल काट्यावर. १०० लिटरला एक-दोन लिटर भरण्यातच चुकतात, म्हणून एका फेरीवर काही ठरवू नका.

आणि बाटल्यांचा हिशेबही आधी करा. महिन्याला २० फेऱ्या म्हणजे ८४०० किलोमीटर, साधारण २००० लिटर, ८ बाटल्या, ४८०० रुपये. डिझेल ९० रुपये धरलं तर १ लाख ८० हजारांवर ४८००, म्हणजे जवळपास पावणेतीन टक्के. एवढं वाढलं तर तुम्ही बरोबरीत. फायदा त्याच्या पुढे.

---

लोणंदकर | बुधवार, रात्री ९.२५

करतो. तीन बाटल्या आणतोच, बघू. बाटल्या भरायचं काम बायकोकडं. चिठ्ठी तिनं मसाल्याच्या डब्यात ठेवली आहे, तिथं माझा हात जात नाही.

---

लोणंदकर | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२.३०

मंडळी, धागा वर काढतो. चौदा फेऱ्या झाल्या. दोन जास्तीच्या मोजल्या नाहीत, कारण एकदा तुर्भ्याला सहा तास अडकलो आणि एकदा माल अर्धाच होता.

पहिल्या गटाच्या सहा फेऱ्यांचं सरासरी ४.४३. दुसऱ्या गटाचं ४.४६.

आज सकाळी चिठ्ठी उघडली. पहिला गट औषधाचा होता. दुसरा साध्या डिझेलचा.

म्हणजे औषधानं काही झालं नाही, हे कळलं. पण ४.१ चे ४.४५ कसे झाले? गाडीला हात लावलेला नाही. पंप तोच. मी गोंधळलोय.

---

फुल_टँक | रविवार, दुपारी १२.५०

राव, रागावू नका. पण मालक मोजायला लागला की टाकीतलं डिझेल गळायचं थांबतं, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे.

---

लोणंदकर | रविवार, दुपारी १.०५

फुल_टँक, नामदेवमामांबद्दल असं लिहू नका. माझे वडील गेले तेव्हा तीन महिने गाडी त्या माणसानं एकट्यानं सांभाळली, पै न पै आईच्या हातात दिली.

---

फुल_टँक | रविवार, दुपारी १.१०

माफी असावी. माहीत नव्हतं.

---

ऊर्जामित्र | रविवार, दुपारी २.४०

सर, आमच्या उत्पादनाचा परिणाम दिसण्यासाठी किमान तीन महिने सातत्याने वापर आवश्यक आहे.

---

शंकेखोर | रविवार, दुपारी २.४२

“पहिल्या टाकीपासून” होतं ना? धाग्याच्या पहिल्याच प्रतिसादाच्या वर लिहिलंय.

---

लोणंदकर | रविवार, रात्री ८.५०

मामांना सरळच विचारलं. ओसरीवर बसले होते. हसले. म्हणाले, “तू वही घेऊन पंपावर उभा राहायला लागलास. मोजतोय म्हणल्यावर पाय आपोआप हलका पडतो. आधी वाशीला पहाटे तीनला पोचायची घाई असायची, नाहीतर गाळ्यावर नंबर मागं जातो. या महिन्यात तासभर आधी निघत होतो. एक्स्प्रेसवेला साठच्या वर काटा नेला नाही. आणि टायरची हवा दर सोमवारी बघितली, तूच सांगितलं होतंस.”

मी सांगितलेलं मला आठवतही नाही.

हिशेब केला. ४.१ ला महिन्याला २०४९ लिटर, ४.४५ ला १८८८. साधारण १६० लिटर, साडेचौदा हजार रुपये. बाटलीचे ४८०० द्यायची माझी तयारी होतीच. ॲव्हरेज ४.४ च्या वर राहिलं तर ते आता मामांना द्यायचं ठरवलंय. मामा म्हणाले, पैसे दे पण वही बंद करू नकोस.

---

पंपवाला_कराड | रविवार, रात्री ९.३०

हे वाचून बरं वाटलं. आता प्रयोग झाला ना? मग गाडी घेऊन या किंवा तिथंच पाइप बघून घ्या. धूर अजून आहेच की.

आणि पाण्याचं काय केलंत? माझं डोकं तिथंच अडकलंय. दोन्ही टाक्यांच्या तळातलं आणि बॅरलच्या तळातलं डिझेल काचेच्या बरणीत घ्या, रात्रभर हलवू नका, सकाळी बघा.

---

लोणंदकर | मंगळवार, सकाळी ७.४०

पाइप बघितला. इंटरकूलरच्या बाजूची क्लिप सैल होती, आतून काजळीचा पट्टा. आवळली. धूर निम्म्यावर आला. नोझल पुढच्या आठवड्यात काढतो.

बरण्या ठेवल्या होत्या. पंपावरून थेट घेतलेली स्वच्छ. नव्या गाडीच्या टाकीतली खाली बोटभर गढूळ. बॅरलमधली बघून पोटात गोळा आला: तळाला पाणी आणि पाण्याच्या वर काळपट बुळबुळीत पडदा, शेवाळासारखा. हे काय आहे काका?

---

जुना_लॅबवाला | मंगळवार, सकाळी ८.३०

बुरशी आणि जिवाणू. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या रेषेवर ती वाढते. पाणी नसेल तर जगत नाही. तोच पडदा तुटून फिल्टरमध्ये जातो. मारायचं औषध मिळतं आणि ते खरंही असतं, पण मेलेली बुरशी पुन्हा फिल्टरमध्येच येते. त्या बॅरलमधलं तेल गाडीत घालू नका.

बॅरल उभं असतं का? उघड्यावर?

---

लोणंदकर | मंगळवार, सकाळी ८.४२

हो. उभं. झाकण घट्ट असतं पण.

---

पंपवाला_कराड | मंगळवार, सकाळी ८.५५

घट्ट असूनही आत जातं. पावसाचं पाणी वरच्या कडेत साचतं. दुपारी बॅरल तापतं, आतली हवा फुगून बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की गार पडतं आणि श्वास आत घेतं, झाकणावरच्या पाण्यासकट. बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं आडव्या रेषेत, म्हणजे आतून तेलाखाली राहतील. वर पत्रा टाका. उभंच ठेवायचं असेल तर खाली एका बाजूला वीट, म्हणजे पाणी बुचापासून लांब साचेल. काढताना तळातलं थोडं सोडून द्यायचं.

खरं विचाराल तर अंगणात बॅरल ठेवूच नका. पंप किती लांब आहे तुम्हाला?

---

लोणंदकर | मंगळवार, सकाळी ९.०१

दोन किलोमीटर.

---

फुल_टँक | मंगळवार, सकाळी ९.०३

:)

---

रानवारा | मंगळवार, सकाळी ९.२०

नव्या गाडीची टाकी उतरवून धुवा, नुसतं पाणी काढून भागायचं न्हाई. आणि दोन्ही फिल्टर बदला. एका फिल्टरला भागवाल तर महिन्यानं पुन्हा इथंच याल.

---

लोणंदकर | मंगळवार, सकाळी ९.३५

आज दुपारी उतरवतो. उरलेलं अर्धी बाटली औषध कुणाला हवंय का? अंगणात पडलंय.